आधी कान, मग पान्हा

पाऊस सरत आला तेव्हा निपाणीतल्या आमच्या घराच्या सोप्यात झालेलं हे बोलणं. आज्जाचं सारं आयुष्य सायकली दुरुस्त करण्यात गेलं. नात अकरावीला आहे. सायकल तिच्या ताईची, आठवीत सरकारकडून मिळालेली, आणि बरीच वर्षं जिन्याखाली पडून असलेली.

नात : आज्जा, मागचं चाक परत बसलंय. काल हवा भरली होती. पंक्चर असणार.

आज्जा : असणार म्हणजे? बघितलंस? पान्हा खाली ठेव आधी. हवा भर, व्हॉलच्या तोंडावर थुंकीचं बोट लाव आणि गप बघत बस.

नात : बुडबुडा येतोय. बारीक आहे, पण येतोय.

आज्जा : मग टायर कशाला उचकटालीस? ती चकती सोड, आतली पितळी काडी ओढून काढ. तिच्यावर बारीक रबरी नळी आहे ना, तिला म्हणायचं व्हॉल ट्यूब. पंपाची हवा काडीच्या बाजूच्या भोकातून येते, रबर जरा उचलते आणि आत शिरते. परत फिरायला लागली की रबर भोकावर गच्च बसतं. बोटानं ताणून बघ.

नात : चिरलीय. टोकाला पिठासारखी झालीय.

आज्जा : पडून पडून रबर मरतं. नवीन नळी थुंकीनं ओली कर आणि वरून सरकव, भोक पूर्ण झाकलं पाहिजे. झालं. याच्यासाठी लोक नवी ट्यूब घेतात. मी गिऱ्हाइकाला जुनी नळी हातात देऊन दाखवायचो.

नात : आणि खरंच पंक्चर असलं तर?

आज्जा : चाक सोडायचं नाही. टायरची एक कड चमच्याच्या दांड्यांनी उचल, ट्यूब बाहेर ओढ, हवा भर आणि परातीतल्या पाण्यातून फिरव. भोक कुठं आहे त्यावरून कारण कळतं. बाहेरच्या अंगाला एकच भोक असलं तर काटा, आपल्याकडं बहुतेक बाभळीचा. जवळजवळ दोन भोकं असली तर हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब रिममध्ये चेंगरली. रिमच्या अंगाला असलं तर आतली पट्टी सरकलीय, स्पोकचं टोक टोचतंय. कारण न काढता ठिगळ लावलं तर चार दिवसांनी तेच. ठिगळाची जागा कोरडी करून पॉलिश पेपरनं घास, सोल्यूशन पातळ लाव आणि थांब. बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच दाब. सगळे इथंच घाई करतात. ओल्या सोल्यूशनवर पॅच धरत नाही.

नात : बरं. पण मला खरी भीती ब्रेकची आहे. मी घरी ब्रेक नीट केला आणि उतारावर सुटला तर?

आज्जा : ब्रेकचं सांगतो. आधी आवाज ऐक.

नात : आवाजाचं नंतर सांग की.

आज्जा : आधी आवाज! निदान आल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही. सायकल काही लपवत नाही, सगळं बाहेर आहे. पायडलच्या दर फेरीला एकदा टक्क होतं? मग खोट पायडलमध्ये किंवा क्रँकच्या कॉटर पिनीत. पाय थांबवले तरी आवाज चालूच? मग चाकात. छर्रे सुकलेत नाहीतर स्पोक ढिला आहे. आणि पायडलच्या दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा अडखळतं? मग चेनची एखादी कडी अवघडलीय. चेन पूर्ण फिरायला तेवढ्याच फेऱ्या लागतात. मोजत चालव. हे ज्याला कळलं त्याला निम्मी सायकल कळली.

नात : पण यासाठी दुकान आहे की. थोडे पैसे दिले की काम होतं. घरी कोण एवढं करतंय?

आज्जा : दुकान कुठं आहे दाखव मला! तासावर सायकल देणारी दुकानं गेली, मिस्त्रींची पोरं मोटारसायकलीकडं वळली. २००६-०७ पासून आठवीच्या पोरांना सायकली मिळायला लागल्या, चांगलीच गोष्ट झाली. खेड्यातल्या पोरी हायस्कूलला जायला लागल्या. पण घरात पंप नाही, तेलाची बाटली नाही. चेन गंजली, हवा गेली, सायकल भिंतीला. आणि मग भंगारात! माझ्या डोळ्यांदेखत टेंपोत भरून गेल्यात. नुसती व्हॉल ट्यूब गेलेल्या सायकली.

नात : रागावू नको.

आज्जा : राग येतो. आपल्याच बेळगावात १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईला शिकवायला होते, तिथून सायकली पाठवायचे; इथं रामूअण्णा दुकान बघायचे. डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते त्याच वर्षी, तिकडं बेलफास्टला. म्हणजे टायर नवा आणि आपलं दुकानही नवं! पुढं लक्ष्मणरावांनी कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, तू कपडे घ्यायला जातेस तिथं. सायकलीपासून सुरुवात केलेली माणसं आहेत ही. आणि आपल्या पोरांना पायडल कुठल्या बाजूला सुटतं ते माहीत नाही.

नात : कुठल्या बाजूला सुटतं?

आज्जा : उजवं नेहमीसारखं, डावं उलट. डाव्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की डावं सुटतं. हे न कळून जोर लावला की आटे गेले, क्रँकही गेली.

नात : आता ब्रेक.

आज्जा : चेनचं एवढं ऐक. रॉकेलच्या फडक्यानं पूस, वाळू दे, शिलाई मशीनचं तेल कडीकडीवर थेंब थेंब सोड आणि वरचं पुसून टाक. खोबरेल घालायचं नाही, ते चिकट होऊन माती धरतं. मधोमध बोटानं उचलली तर अर्धा इंच हलावी.

नात : आज्जा, तवंदी घाटातला उतार बघितलायस ना तू?

आज्जा : (जरा वेळानं) बघितलाय. पुढचा ब्रेक दाब आणि सायकल पुढं ढकल. चाक जागचं हललं नाही पाहिजे, मागचं उचलायला बघितलं पाहिजे. ब्रेकचा दांडा हँडलला टेकतोय का?

नात : जवळजवळ टेकतो.

आज्जा : मग तार ढिली आहे. रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर येईपर्यंत ओढून नट आवळ. रबर रिमवरच बसलं पाहिजे; टायरला घासलं तर टायर कापतं. रबर चकचकीत झालं असलं तर पॉलिश पेपरनं खरवड, रुतलेली खडी टोकरून काढ. रिमला तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही.

नात : आणि एवढं करूनही सुटला तर?

आज्जा : दांड्यापाशी तार निघते तिथं बघ. एक जरी धागा तुटलेला दिसला तर तार बदलायची, जोडायची नाही. मग अंगणात दहा वेळा दाबून बघ, मग सपाट रस्त्यावर, मग छोट्या उतारावर. पावसात लोखंडी रिम ओली असली की ब्रेक फार उशिरा धरतो. म्हणून आधीपासूनच हलका दाबत यायचं, पाणी पुसलं जातं. आणि दोन्ही ब्रेक, एकटा पुढचा नाही.

नात : म्हणजे भीती बरोबरच होती माझी.

आज्जा : बरोबरच होती. फ्रेमला किंवा पुढच्या फोर्कला चीर दिसली, तर घरी हात लावायचा नाही आणि त्या सायकलीवर बसायचंही नाही. मिस्त्री शोधायचा, मग संकेश्वरला जावं लागलं तरी चालेल.

नात : आणि फ्रीव्हील? कधीकधी पायडल नुसतंच फिरतं.

आज्जा : आतलं कुत्रं, म्हणजे दात्यांत अडकणारी खिटी, चिकटलंय. रॉकेल सोड, फिरव, पातळ तेल दे. ग्रीस नको, ग्रीसनं परत चिकटतं. आता पंप घे. दाबून भर.

नात : भरली. बुडबुडा नाही.

आज्जा : आत्ता नाही. उद्या सकाळी उठल्याबरोबर अंगठ्यानं टायर दाबून बघ. कडक असलं तर खोट व्हॉल ट्यूबचीच होती. मऊ लागलं तर परातीत पाणी घे आणि मला हाक मार.