ठोसा, फूटपट्टी आणि अनुभव

स्वसंरक्षणाच्या वर्गात बहुधा असे शिकवले जाते : "मी उजव्या हाताने ठोसा मारतो, तू तो असा अडव." दहा वेळा ठोसा अडतो आणि आपल्याला वाटते, विद्या आली! खऱ्या प्रसंगी ती उपयोगी पडेल काय? एक सोपा प्रयोग करू.

मित्राला ३० सें.मी. लांबीची फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, चिमूट उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. समजा, ती २० सें.मी. खाली आली. अंतर = १/२ × गुरुत्वत्वरण × (काळ)² या सूत्रात ९.८ मी./से.² हे त्वरण घातले, की काळ सुमारे ०.२ सेकंद येतो. हा तुमचा प्रतिक्रियाकाल.

आता त्याला "एक, दोन, तीन" म्हणून पट्टी सोडू द्या. ती पुष्कळ आधी पकडली जाईल. उलट, दोन्ही हातांवर एकेक पट्टी धरून त्याने कोणतीही एक सोडली, तर वेळ वाढेल.

वर्गातला ठोसा "एक, दोन, तीन" म्हणून सोडलेल्या पट्टीसारखा असतो. हल्लेखोर आकडे मोजत नाही. ठोशाचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर धरला, तर ६० सें.मी. अंतर तो ०.१ सेकंदात कापतो. तुमचा हात हलण्यापूर्वीच ठोसा बसलेला असतो!

प्रत्यक्ष झटापट अनुभवलेल्या शिक्षकाचे मोल येथे कळते. डब्ल्यू. ई. फेअरबेर्न हे १९०७ मध्ये शांघायच्या पोलीस दलात दाखल झाले. गस्तीवर जबर मार खाल्ल्यावर ते जुजुत्सु शिकले. दुसऱ्या महायुद्धात कमांडो सैनिकांना शिकवताना त्यांनी मोजके, साधे डाव निवडले.

मात्र एकाचा अनुभव हे एकाचेच निरीक्षण. ते पडताळावे लागते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदोची कोदोकान ही संस्था स्थापली. घातक डाव वगळल्यामुळे तेथे 'रांदोरी' हा मुक्त सराव शक्य झाला. त्यात जोडीदार खराखुरा विरोध करतो; म्हणून डाव चालतो की नाही, हे रोज तपासले जाते.

तेव्हा अनुभवासाठी मारामारी करू नका. अंतर वाढले की वेळ मिळतो, हे ध्यानात ठेवा. मागे सरा, मोठ्याने ओरडा, निघून जा.

जाता जाता : ०.१ सेकंदाच्या प्रतिक्रियाकालासाठी पट्टी ५ सें.मी.च्या आत पकडावी लागेल. तुमच्या वर्गात कोणाला, न सांगता सोडलेली पट्टी अशी पकडणे जमते काय?