हमी कोण देतंय, ते बघा

बी.कॉम. झाल्यावर मला मिळालेली पहिली नोकरी दुसऱ्यांना नोकरीची हमी विकण्याची होती. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर क्लासमध्ये माझ्या टेबलावर ‘करिअर काउन्सेलर’ अशी पाटी होती आणि खणात महिन्याच्या टार्गेटची वही. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे नंबर आमच्या हातात याद्यांनी यायचे. फोन करायचा, मुलाला पालकांसह बोलवायचं आणि ‘ही सवलत आजच्यापुरतीच’ असं सांगून त्याच बैठकीत प्रवेश पक्का करायचा. सवलत दुसऱ्या दिवशीही असायचीच.

त्या टेबलामागून जे दिसलं ते पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना सांगायला हवं. चांगलं शिकवणारे क्लास आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण कौशल्य शिकवणारा वेगळा आणि नोकरी देणारा वेगळा. जागा ज्या कंपनीत रिकामी आहे, तीच नोकरी देऊ शकते. बाकी कुणी हमी देत असेल, तर तो दुसरंच काहीतरी विकतो आहे. आमच्याकडे ते कर्ज होतं.

भिंतीवरच्या फलकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असायचं. प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर त्याचं ‘प्लेसमेंट साहाय्य’ व्हायचं. त्याखाली बारीक अक्षरात अटी: हजेरी भरलेली हवी, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण हव्यात, सांगू त्या गावी मुलाखतीला जायला हवं, ठरलेल्या मुलाखती दिल्या की संस्थेची जबाबदारी संपली. त्या मुलाखती तरी कुठल्या? बहुतेक वेळा नोकरीच्या संकेतस्थळांवर सगळ्यांना दिसणाऱ्या जाहिरातीच आम्ही व्हॉट्सॲपवर पुढे पाठवत असू.

क्लासची पूर्ण फी एकरकमी भरणं क्वचितच कुणाला जमायचं. मग ‘हप्ते करून देतो’ म्हणायचं. लातूर-जळगावकडून आलेल्या वडिलांना वाटायचं, दर महिन्याला क्लासला थोडी थोडी फी द्यायची. प्रत्यक्षात पॅन, आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी एवढ्यावर एका वित्त कंपनीचं कर्ज मंजूर होत असे. पैसे थेट क्लासच्या खात्यात, कर्जदार मुलगा, सहकर्जदार वडील. पुढे शिक्षक सोडून गेला किंवा मुलाला विषय झेपला नाही, तरी हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. आमची शाखा एके दिवशी बंद झाली, तेव्हा कुलपापुढे जमलेल्या कितीतरी पालकांना आपण कर्ज काढलं आहे हे पहिल्यांदा कळलं.

असं कर्ज थकलं की दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो. वाणिज्य शाखेच्या मुलांना याचा फटका जास्त बसतो, कारण बँकभरतीच्या जाहिरातींत उमेदवाराची कर्जफेडीची नोंद चांगली असावी अशी अट येते. नोकरीसाठी काढलेलं कर्जच नोकरीच्या आड येतं.

तेव्हा अशा टेबलासमोर बसलात, तर त्या दिवशी ओटीपी सांगू नका. सगळे कागद घरी आणा. कर्ज कोण देतंय, याचं नाव विचारा आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. सगळे आकार धरून वर्षाचा व्याजदर किती पडतो, हे त्यात लिहावंच लागतं. मोबाइलवरून घेतलेल्या डिजिटल कर्जात सुरुवातीची थोडी मुदत माघारीसाठी असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. क्लासकडून मागच्या तुकडीची पूर्ण यादी मागा. त्यांनी पुढे केलेल्या हसऱ्या चेहऱ्यांना सोडून, यादीतल्या दुसऱ्याच कुणाला तरी फोन करा. फी परतीचा नियम तोंडी सांगत असतील, तर लेखी घ्या. नोकरीची हमी देणाऱ्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे, हेही तिथे बोलून दाखवा. समोरचा सूर बदलतो की नाही बघा.

अडकलाच असाल, तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. आधी वित्त कंपनीला लेखी तक्रार द्या आणि पोच ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही. क्लासविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. जाहिरातीचे फोटो आणि फोनवरच्या गप्पांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, तिथे तेच कामाला येतात.

पण एवढं सगळं निस्तरण्यापेक्षा सुरुवातच दुसऱ्या टोकाने करावी. दुसऱ्या वर्षातच, हव्या त्या कामाच्या पंधरा-वीस जाहिराती वाचून काढा आणि प्रत्येकीत काय मागितलं आहे ते एका कागदावर लिहा. जे पुन्हा पुन्हा येतं तेवढंच शिका. त्यातलं बरंचसं ‘स्वयम’ आणि ‘एनपीटीईएल’वर विनामूल्य शिकता येतं, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. मग आपल्याच कॉलेजचे दोन-चार वर्षं पुढचे विद्यार्थी शोधा. ‘नोकरी लावून द्या’ म्हणाल तर ते फोन टाळतील. ‘तुमचा कामाचा दिवस कसा जातो?’ असं विचारलंत तर बोलतील आणि जागा निघाली की आठवणही काढतील.

शिकाऊ उमेदवारीकडे तर आपली मुलं बघतच नाहीत. ती फक्त आयटीआयवाल्यांसाठी, असा समज आहे. प्रत्यक्षात १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या योजनांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही जागा असतात. पदवीधराचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत महिना ९००० रुपये ठरलं. पुण्या-मुंबईत एवढ्यात भागत नाही, घरून हातभार लागतोच. पण इथे शिकताना पैसे मिळतात, आमच्या टेबलावर ते द्यावे लागत. शिवाय वर्षभरानंतर बायोडाटावर खरं काम लिहिता येतं आणि ते तपासून घेणाऱ्यालाही खरंच सापडतं. या उमेदवारीची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ या पोर्टलवर होते. राज्य सरकारचं ‘महास्वयम’ आणि जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रही पाहून ठेवा. तिथली नोंदणी फुकट आहे.

आणि हे सगळं करूनही पैसे भरून काही शिकायचं ठरलं, तर जरूर शिका. ‘नोकरी मिळाली नाही, तरी एवढं शिकणं मला या किमतीला परवडतं का?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तरच पैसे भरा.