शिक्षण संपताना उमेदवारी कोठे करावी?

परीक्षेचा निकाल हाती आला की सौंसर-पांढुर्णा भागातील कित्येक कुटुंबे मुलास घेऊन जामसांवलीस मारुतीच्या दर्शनाला जातात. परतताना मोटारीत जो प्रश्न निघतो, तोच या लेखाचा विषय होय: आता काही महिने याला कोठे बसवावे? पूर्वी या अवस्थेस उमेदवारी म्हणत. आज महाविद्यालयांतून ‘इंटर्नशिप’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द नवा असला तरी वडील मंडळींची उत्तरे मात्र जुनीच, आणि तीही दोनच. एक, मामाची पेढी. दुसरे, नागपूरची एखादी नामांकित कंपनी. ही दोन्ही उत्तरे पुष्कळदा चुकतात, असे आमचे मत झाले आहे.

मामाच्या पेढीवर भाच्यास चहा मिळतो, काम मिळत नाही. मुनीमजी त्यास चूक दाखवीत नाहीत, कारण उद्या तोच मालकाच्या पंक्तीस बसणार. नामांकित कंपनीची गोष्ट वेगळी. आमच्या परिचयातील एका वाणिज्य पदवीधराने मोठ्या शहरातील एका कचेरीत सहा महिने काढले. पावत्यांच्या छायाप्रती काढणे आणि त्या फायलींत लावणे, यापलीकडे त्याच्या हाती काही आले नाही. प्रमाणपत्र मात्र सुबक अक्षरांत छापलेले मिळाले. घरी आल्यावर वडिलांनी त्यास खतावणीतील एक बाकी जुळवावयास दिली, तेव्हा तो गप्प बसून राहिला. त्या गप्प बसण्याचे दुःख बापाइतकेच मुलासही झाले, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

तेव्हा नावाआधी काम पाहावे आणि कामाआधी हंगाम पाहावा. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्यातील जाणते व्यापारीही दुर्लक्ष करतात, याचे आम्हांस नवल वाटते. परीक्षा संपतात उन्हाळ्यात आणि मुलगा मोकळा असतो मे-जूनमध्ये. त्या दिवसांत संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे शिकावयाचे काय? आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे निघू लागतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. उभ्या बागेचा सौदा करताना झाडावरील फळांचा अदमास कसा घ्यावा, तोडणी किती दिवसांत उरकावी, लहानमोठ्या फळांची निवड कशी लावावी, वाटेत किती माल सडेल हे भावात आधीच कसे धरावे, या गोष्टी बागेत उभे राहूनच समजतात. जिनिंगचेही तसेच. कापूस येऊ लागतो पावसाळा सरल्यावर. उन्हाळ्याच्या अखेरीस यंत्रे पुसून ठेवलेली असतात. ज्यास हा व्यापार शिकावयाचा आहे त्याने सुटीचा मोह सोडून हंगामाची वाट पाहावी, मग त्यासाठी चार महिने उशीर झाला तरी चालेल. ज्यास हिशेबाच्या कामाची आवड आहे त्याने उलट करावे. वस्तू व सेवा कराची विवरणे तर १ जुलै २०१७ पासून वर्षभर चालूच आहेत, आणि आयकराच्या लेखापरीक्षणाची खरी घाई पावसाळ्यात असते. म्हणून त्याने जूनमध्येच लेखापालाच्या कचेरीत दाखल व्हावे.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांस तर उमेदवारी सक्तीचीच आहे. ती पूर्वी तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. अवधी कमी झाल्यामुळे कचेरीची निवड अधिक जपून करणे भाग आहे. मोठ्या कचेरीत एकाच प्रकारचे काम खोलवर मिळते. लहान कचेरीत किराणा दुकानापासून सहकारी संस्थेपर्यंत सर्व वह्या एकाच टेबलावर येतात. ज्यास परत येऊन घरचा धंदा सांभाळावयाचा आहे त्यास दुसरी बरी, असे आम्हांस वाटते. यंत्रविद्या शिकलेल्यांस सौंसरजवळच बोरगावची औद्योगिक वसाहत आहे. रेमंडसारखा मोठा वस्त्रोद्योग तेथे आहे. तेव्हा दूर जाण्यापूर्वी जवळचे दार एकदा ठोठावून पाहावे. कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे; त्याखाली करार नोंदविला जातो व विद्यावेतन मिळते. मात्र केवळ वेतनाच्या आकड्यावरून जागा निवडू नये.

घरच्या पेढीबाहेर शिकण्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून घरच्या व्यवसायात आले, परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेची बांधकामे घेतली. एका सावकारी घराण्यातील तरुणाने माती, खडी आणि मजुरी यांचा हिशेब अशा रीतीने शिकून घेतला. जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे त्यांचे कारखाने पुढचे. आरंभ त्या खडीचा.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनेमापे वापरणे आणि चांगल्या मालात हीन माल मिसळून विकणे हे त्यांतच मोडतात. वीस-बावीस वर्षांचा मुलगा ज्या वखारीत पहिल्यांदा पेटी भरावयास शिकतो, तेथे वरच्या थरात मोठी आणि खाली बारीक फळे लावण्याची रीत असेल, तर तीच त्याच्या हाताला वळण लावते. म्हणून मुलास पाठविण्यापूर्वी बापाने त्या पेढीवर गिऱ्हाईक म्हणून एकदा जाऊन यावे. जुने गुमास्ते तेथे किती वर्षे टिकले आहेत हेही विचारावे. त्या एका उत्तरात पुष्कळ काही कळते.

मुलींविषयी वेगळे नियम आम्ही सांगत नाही. फक्त राहण्याची सोय आणि कामाचे तास यांविषयी आधीच लेखी पत्र घ्यावे, आणि मुलांसाठीही ते घेतल्यास बिघडत नाही.

सभासदांना आमची एक सूचना आहे. ज्याने आपला मुलगा वा मुलगी दुसऱ्या सभासदाच्या पेढीवर पाठविली, त्याने तिसऱ्या कोणाचे मूल आपल्याकडे घ्यावे. पंचवीस किलोमीटरच्या आत नातेवाईक निघाल्यास तो मोजू नये. संत्र्याच्या आंबिया बहारापूर्वी अशी नावे एकत्र करता आली, तर या हंगामातच काही मुले कामाला लागतील.