डीव्हीआरची किल्ली कोणाच्या हाती?

चंदगड तालुक्यातील अनेक घरांतील कर्ती माणसे मुंबई, पुणे अथवा गोवा येथे नोकरीस असतात. गावी वृद्ध आईवडील व मुले राहतात. अशा काही घरांच्या सोप्यावर आता कॅमेरा दिसतो. त्याने टिपलेली चित्रे डीव्हीआर नावाच्या पेटीत साठतात व दूरच्या मुलास ती मोबाइलवर दिसतात. सोय मोठी आहे. परंतु ज्या वाटेने घरचा मुलगा आत डोकावतो, त्याच वाटेने परकाही डोकावू शकतो.

पुष्कळ यंत्रे कारखान्यातून येतानाच एक ठरावीक पासवर्ड घेऊन येत. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने असे सुमारे साठ ठरावीक शब्द आजमावून जगभरातील असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच साहाय्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. यंत्रांच्या मालकांना बहुधा याची गंधवार्ताही नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांची चित्रे चोरून विकल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. सारांश, दार उघडे राहिल्यास हानी केवळ वस्तूंची नव्हे, अब्रूचीही होते.

शिक्षकांनी पुढील गोष्टी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवाव्यात :

१. यंत्र बसविताच मूळ पासवर्ड बदलावा. नवा शब्द लांब असावा. त्यात गावाचे नाव, जन्मतारीख वा मोबाइल क्रमांक नसावा.

२. बसविणाऱ्या कारागिरास सांगितलेला शब्द तो गेल्यावर पुन्हा बदलावा.

३. राउटरचा पासवर्डही बदलावा. बाहेरून थेट यंत्राशी पोहोचविणारी अनावश्यक वाट, म्हणजे 'पोर्ट', बंद करवून घ्यावी.

४. निर्मात्याने दिलेल्या सुधारणा, म्हणजे 'अपडेट', वेळोवेळी घ्याव्यात.

५. नातलगांस केवळ पाहण्यापुरते वेगळे खाते द्यावे. मुख्य खाते एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे.

६. शयनगृहात कॅमेरा लावू नये. जे टिपलेच नाही, ते चोरीस जात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांतही कॅमेरे बसविण्याचा आदेश काढला. तेव्हा हा विचार शाळेच्या पेटीसही लागू आहे. कारण तीत लेकरांचे चेहरे साठलेले असतात. गैरप्रकाराचा संशय येताच यंत्राचे इंटरनेट तोडावे, नोंदी पुसू नयेत व १९३० या क्रमांकावर कळवावे.

स्वाध्याय : (१) मूळ पासवर्ड का बदलावा? (२) घरच्या यंत्राचा पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला, हे वडीलधाऱ्यांस विचारा. मात्र तो शब्द वर्गात सांगू नका.