वाघाला की वाघला?



इंग्रजीत विशेषनाम चटकन ओळखू येते, कारण ते कॅपिटल अक्षराने सुरू होते. मराठीत अशी सोय नाही, तेलुगूतही नाही. म्हणून ‘निर्मल’ हा शब्द आला की मुले थबकतात. ‘निर्मल पाणी’ यात तो पाण्याचा गुण सांगतो, म्हणून विशेषण. ‘निर्मलची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत’ यात ते आपल्या शेजारच्या शहराचे नाव, म्हणून विशेषनाम. ‘निर्मलता’ म्हटले की भाववाचक नाम. शब्द सुटा पाहून त्याची जात ठरवू नये, वाक्यात तो काय काम करतो ते पाहावे.

आता वाघ घेऊ. पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून वाघ अधूनमधून आपल्या जिल्ह्यात येतात. ‘काल शेतात वाघाला पाहिले’ असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला कोण जाईल? पण ‘काल शेतात वाघला पाहिले’ म्हटले तर कोणी घाबरणार नाही. वाघ आडनावाचा मुलगा दिसला, एवढेच! सामान्यनामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते: वाघ, वाघा, वाघाला. आडनाव बहुधा जसेच्या तसे राहते. एका कान्याचा फरक, पण निरोप लिहिताना तो चुकला तर गावभर पळापळ होईल.

मात्र ही खूण सगळीकडे चालत नाही. गंगेला पूर येतो, पण गंगा नावाच्या मैत्रिणीला आपण ‘गंगाला बोलाव’ म्हणतो. दोन्ही विशेषनामेच. अशा वेळी अनेकवचन करून पाहावे. नदीच्या नद्या होतात, पैनगंगेचे अनेकवचन होत नाही. उलट, ‘तालमीत दोन भीम तयार झाले’ या वाक्यात भीम म्हणजे बलवान गडी, म्हणून येथे ते सामान्यनाम झाले. १९४० साली जोडेघाटला लढताना धारातीर्थी पडलेले कुमरम भीम मात्र एकच. २०१६ साली त्यांचे नाव शेजारच्या नव्या जिल्ह्याला दिले, तेथेही ते विशेषनामच आहे.

क्रियापदे, अव्यये पुढच्या अंकात घेऊ. तोवर हे वाक्य सोडवून आणा: ‘सोन्याने सोन्याचे दुकान टाकले.’ यातले पहिले ‘सोन्या’ आणि दुसरे ‘सोन्या’ कोणत्या मूळ शब्दांपासून आले आणि त्यांपैकी विशेषनाम कोणते, ते कारणासह वहीत लिहा.