घराचा रंग: उष्ण की शीत?

तांबडा, नारिंगी व पिवळा यांस उष्ण आणि निळा व हिरवा यांस शीत रंग म्हणतात. परंतु ही नावे मनास होणाऱ्या भासावरून पडली आहेत. भिंत निळी केल्याने खोलीतील पारा उतरत नाही.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या आमच्या कळंबोलीत पुष्कळ घरे लहान आहेत. पश्चिमेच्या खोलीत दुपारचे ऊन शिरते. तेथे फिकट निळा वा हिरवा रंग डोळ्यांस निववितो. उत्तरेच्या खोलीत ऊन थोडे, आणि पावसाळ्यात आभाळ भरलेले. तेथे फिकट पिवळा रंग प्रसन्न वाटतो. छटा मात्र फिकीच असावी, कारण गडद रंग प्रकाश गिळतो व लहान खोली अधिकच अंधारते. आपले वाडवडील चुन्यात किंचित नीळ कालवीत. तिने चुन्याचा पिवळेपणा झाकून भिंत शुभ्र दिसे.

पालकांस विनंती की, रंग विकत घेण्यापूर्वी थोडासा आणून भिंतीवर हातभर पट्टा रंगवावा. तो सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहावा. आणि ज्या खोलीत मुले अभ्यास करितात अथवा आजी दिवसभर बसते, तेथील रंग त्यांस विचारूनच ठरवावा.