घटक ४ : आंतरराष्ट्रीय बोलीसंशोधनातील तंत्रसाहाय्य – जऊळका येथील एक नोंद

४.० उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• आंतरराष्ट्रीय भाषासंशोधनात तंत्रसाहाय्य कोठे आवश्यक ठरते, हे सांगता येईल.
• स्थळ, अक्षर आणि ध्वनी यांच्या नोंदींत होणाऱ्या चुका ओळखता येतील.
• निवेदकाच्या संमतीचे महत्त्व स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, बोलीचा अभ्यास म्हटला की निवेदक, वही आणि ध्वनिमुद्रक आपल्या डोळ्यांपुढे येतात. संगणक सांभाळणारी व्यक्ती मात्र सहसा आठवत नाही. तिचे काम यंत्र बंद पडल्यावर सुरू होते, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे, हे या घटकात पाहू.

मराठीच्या अभ्यासातील परदेशी सहभाग जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो नॉर्वेचे अभ्यासक स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता. पुढे पुण्याचे शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेतील अ‍ॅन फेल्डहाउस यांनी मिळून केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये आला. हा कोश आणि मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पूर्वी कागद प्रवास करीत असे. आता फाइल करते. कागदावरची खाडाखोड दिसते, फाइलीतील बदल मात्र डोळ्यांना दिसेलच असे नाही.

समजा, तुम्ही वाशीम जिल्ह्यातील जऊळका येथे एका वृद्ध शेतमजूर स्त्रीचे वऱ्हाडीतील बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि ते एका परदेशी विद्यापीठाला पाठवायचे आहे. या एकाच नोंदीचा प्रवास आपण पाहू.

४.२ स्थळाची नोंद
जऊळका हे गाव मालेगाव तालुक्यात आहे. केवळ ‘मालेगाव’ असे लिहिल्यास परदेशातील सहकारी नकाशावर नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शोधण्याचा संभव मोठा. तसे झाले, तर वऱ्हाडी बोलणे खानदेशाच्या सीमेवर जाऊन बसेल आणि बोलींच्या सीमारेषाच चुकतील. शिवाय वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत याच परिसराचा जिल्हा ‘अकोला’ असा आढळेल. गावाचे नाव रोमन लिपीत साधेपणाने लिहिले, तर ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेदही उरत नाही.

म्हणून ध्वनिफितीसोबत देवनागरीतील नाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश आणि ध्वनिमुद्रणाची तारीख द्यावी. नोंदीविषयीच्या या नोंदीला ‘मेटाडेटा’ म्हणतात.

४.३ अक्षरांची नोंद
‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे शब्द पाहा. पहिला ‘दरी’चे अनेकवचन, दुसऱ्याचा अर्थ समुद्र. संगणकात ‘दऱ्या’तील जोडाक्षर दोन प्रकारे साठवता येते : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त व ‘य’ जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व ‘य’ या क्रमाने. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पण एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे सापडेलच असे नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून काढले, की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते.

अदृश्य चिन्ह कोठे आहे हे तंत्रज्ञाला कळते. त्याच्या जाण्याने अर्थ बदलला हे मराठी जाणणाऱ्यालाच कळते. ही दोघे एकत्र बसली नाहीत, तर चूक कोणालाच दिसणार नाही.

वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. शुद्धलेखन तपासणारी सोय चालू राहिली आणि तिने ‘डोया’च्या जागी ‘डोळा’ घातला, तर संशोधनाचा विषयच पुसला जातो. लिप्यंतर करताना ही सोय बंद ठेवावी.

४.४ ध्वनीची पाठवणी
४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकवाहिनी असे एक तासाचे असंकुचित ध्वनिमुद्रण सुमारे ३१८ मेगाबाइट जागा घेते. सेकंदाला २ मेगाबिट वेगाने ते पाठवण्यास किमान २१ मिनिटे लागतात. मध्येच संपर्क तुटतो, म्हणून अनेक जण फाइल संकुचित करतात. ऐकण्यास ती पुरते. परंतु ध्वनींच्या सूक्ष्म विश्लेषणासाठी मूळ फाइलच जपावी.

फाइल अखंड पोहोचली का, हे ‘चेकसम’ने तपासता येते. चेकसम म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या. दोन्ही टोकांना ती सारखी आली, तर फाइल बदललेली नाही असे मानता येते.

बैठकीची वेळ ठरवतानाही सावध राहावे. शिकागो आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेअकरा, तर उन्हाळ्यात साडेदहा तास मागे असते.

४.५ संमती आणि प्रवेश
बोलता बोलता त्या स्त्रीने घरातील भांडणाविषयी, कर्जाविषयी काही सांगितले असेल. अभ्यासासाठी तिने होकार दिला, म्हणजे साऱ्या जगाने ते ऐकावे असा होकार दिला, असे होत नाही. कोणता भाग खुला, कोणता केवळ संशोधकांसाठी आणि कोणता बंद, हे तिला तिच्याच बोलीत समजावून विचारावे आणि तिचे उत्तर मेटाडेटात नोंदवावे. त्याप्रमाणे प्रवेशाचे अधिकार ठरवणे हे तंत्रसाहाय्याचे काम आहे. एक प्रत निवेदकाच्या कुटुंबाला, तिची इच्छा असल्यास, अवश्य द्यावी. आवाज परदेशात सुरक्षित आणि नातवंडांना मात्र अप्राप्य, अशी स्थिती येऊ देऊ नये.

४.६ सारांश
तंत्रसाहाय्य हे संशोधनाच्या बाहेरचे काम नाही. निवेदकाचा शब्द ज्या अर्थाने, ज्या गावातून आणि ज्या अटीवर निघाला, त्याच अर्थाने, त्याच गावाच्या नावाने आणि त्याच अटीवर तो पोहोचवणे, हे या कामाचे स्वरूप आहे.

तुमची प्रगती तपासा
१. ‘दऱ्या’ या शब्दाच्या दोन संगणकीय रूपांतील फरक स्पष्ट करा.
२. जऊळका येथील नोंदीत केवळ ‘मालेगाव’ लिहिल्याने कोणता दोष निर्माण होईल?

उपक्रम
वऱ्हाडीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याचा नियम ‘जऊळका’ या नावालाही लागू होतो का, हे परिसरातील दोन वयोगटांच्या व्यक्तींकडून, त्यांच्या संमतीने, ऐकून पडताळा. जसे ऐकाल तसेच लिहा.